वॅट नंतर बघा, आधी इनपुट व्होल्टेज वाचा: रावेरकडच्या खेड्यात दोन एसएमपीएसचा अनुभव

रायझन ५ ५६०० आणि आरटीएक्स ३०६० चं मशीन मी दिवाळीत स्वतः जोडलं. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं हा धंदा. स्पेसिफिकेशन सगळ्यांना माहीत आहेत, लिहायचंय ते एसएमपीएसबद्दल, म्हणजे घरची वीज घेऊन मशीनला पुरवणाऱ्या डब्याबद्दल. ऐन लग्नसराईत त्यानेच छळलं.

थंडीभर मशीन झकास चाललं. एप्रिल लागला आणि रेंडर अर्ध्यावर असताना ते फट्‌कन बंद पडायला लागलं. निळी स्क्रीन नाही, सूचना नाही. विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, फक्त 'कर्नल-पॉवर ४१' (मशीन नीट बंद न होता गेलं), बगचेक म्हणजे क्रॅशचा कोड शून्य. म्हणजे विंडोज कोसळलं नव्हतं, वीजच तुटली होती. आपल्याकडे पारा चव्वेचाळीसच्या वर गेला की जो तो उन्हाला दोष देतो. मीही धूळ उडवली, थर्मल पेस्ट बदलली, एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरने तापमानाचं लॉगिंग लावलं. बंद पडतानाची प्रोसेसरची नोंद ७२ अंश. या प्रोसेसरची मर्यादा ९०. उन्हाचा विषय संपला.

मशीन जळगावला दुकानात नेलं. तिथे दिवसभर स्ट्रेस टेस्ट चालली, एकदाही बंद पडलं नाही. "भाऊ, फॉल्टच नाही, तर कंपनीला काय पाठवू?" वॉरंटी शिल्लक असून तपासणीचे ३०० रुपये घेतले. भांडलो, उपयोग झाला नाही. ते पैसे मला अजून डाचतात, कारण 'घरी व्होल्टेज किती असतं' एवढा एक प्रश्न कुणी विचारला नाही.

रात्री केळीच्या बागांमधल्या मोटारी सुरू झाल्या की आमचा पंखा मंदावतो. मशीन त्याच वेळी जातं, हे घरच्यांच्या लक्षात आलं. वायरमनचा मल्टिमीटर आणून सॉकेटला लावला. दुपारी २२८ व्होल्ट, रात्री १७२. मग कॅबिनेट उघडून एसएमपीएसचं लेबल वाचलं: इनपुट २००–२४० व्होल्ट.

अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (येणाऱ्या विजेवर काम करणारं आतलं जादा सर्किट) नसलेल्या साध्या एसएमपीएसमध्ये एसीचा थेट डीसी होऊन मोठ्या कपॅसिटरमध्ये साठतो. २३० ला तिथे सुमारे ३२५ व्होल्ट असतात, १७० ला २४०. साठलेली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गावर (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) ठरते, म्हणून साठा जवळजवळ निम्माच उरतो. नुसतं ब्राउझर उघडं असेल तर तेवढ्यात निभतं. रेंडर लागलं आणि वरून एखादी मोटार सुरू झाली की संपलं. लोडवरच बंद पडतं म्हणून लोक ग्राफिक्स कार्ड बदलत बसतात.

पैसे न घालता एक उपाय केला. घरचा इन्व्हर्टर 'वाइड' मोडवर होता, त्यात कमी व्होल्टेज तसंच पुढे जातं. 'यूपीएस' मोडवर टाकला, की १८० च्या खाली तो बॅटरीवर जातो. बंद पडणं थांबलं, पण रोज रात्री बॅटरी उतरायला लागली. झोपायच्या वेळी कूलरच बंद! पुन्हा 'वाइड'.

शेवटी १००–२४० व्होल्टचा, अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाला ५५० वॅटचा नवा एसएमपीएस घेतला, ४,४०० रुपयांना. जुना २,६०० चा होता. अ‍ॅक्टिव्ह पीएफसी आतलं व्होल्टेज ४०० च्या आसपास धरून ठेवतं, बाहेर १७० असो की २३०. केबल ताठ आहेत, पंख्याचा आवाजही जुन्यापेक्षा जास्त, पण पुढचा उन्हाळा आणि पावसाळा गेला, व्होल्टेज तसंच पडतं आणि रेंडर पूर्ण होतं.

जुन्याला मी रद्दी म्हणणार होतो. आता तसं म्हणत नाही. तो जळगावात भाच्याच्या मशीनमध्ये विनातक्रार चालतोय. राग आहे तो खोक्यावर. '५५०' हा आकडा तळहाताएवढा, आणि २००–२४० मुंगीच्या अक्षरात, तेही आतल्या लेबलवर. ऑनलाइन पानावर तर तो नव्हताच. काही एसएमपीएसवर ८० प्लसचं (वीज किती कमी वाया जाते याचं) '२३० व्होल्ट ईयू' प्रमाणपत्र असतं, म्हणजे चाचणी २३० व्होल्टवरची. असं दिसलं तर लेबलचा फोटो मागवल्याशिवाय पैसे देऊ नका. खेड्यात राहणाऱ्याला हा आकडा वॅटपेक्षा महत्त्वाचा आहे.

एक अडचण अजून आहे. लाइट पूर्ण गेली की 'वाइड' मोडमधला इन्व्हर्टर उशिरा उचलतो, आणि तेवढा वेळ हा नवा एसएमपीएसही तग धरत नाही. त्यामुळे मोठं रेंडर लावताना 'यूपीएस' मोडवर टाकतो, झालं की परत 'वाइड'वर आणतो.