हॉस्टेल निवडताना आधी स्वयंपाकघर पाहावे: कमी खर्चाच्या भटकंतीतील काही महिन्यांचा अनुभव

एक नोकरी सोडल्यानंतर आणि दुसरी सुरू होण्यापूर्वी मला जो मोकळा काळ मिळाला, तो मी पाठीवर सॅक घेऊन, जमेल तितक्या कमी खर्चात हिंडण्यात घालवला. साताऱ्याहून मिरज आणि हुबळीमार्गे हंपी, तेथून गोकर्ण व फोर्ट कोची, आणि पुढे उत्तरेत जोधपूर, वाराणसी व ऋषिकेश असा तो प्रवास होता. मुक्काम जवळजवळ सर्वत्र हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये, म्हणजे चार ते आठ खाटांच्या सामायिक खोलीत केला. खाटेचा पडदा, लॉकर, चार्जिंगची सोय आणि स्वच्छतागृहे यांविषयी लोक पुष्कळ लिहितात. एकटी गेलेली व्यक्ती तेथे खरोखर मित्र जोडू शकते का, हा प्रश्न मात्र बहुधा दोन उत्साही वाक्यांत संपतो. माझ्यासाठी तोच मुख्य प्रश्न होता. मित्र मिळतात, हे मी खात्रीने सांगते. परंतु ज्या हॉस्टेलमध्ये पाहुण्यांना मिळून काही काम करता येते, तेथेच ते मिळतात, आणि त्यासाठी एका ठिकाणी निदान तीन रात्री राहावे लागते.

हंपीचा अनुभव सविस्तर सांगते, कारण ही गोष्ट मला तेथे प्रथम उमगली. पूर्वी सॅकवाल्या प्रवाशांचा गोतावळा तुंगभद्रेपलीकडील विरुपापूर गड्डे येथे असे. न्यायालयाच्या निकालानंतर २०२० मध्ये तेथील बांधकामे पाडण्यात आली, आणि आता मुक्कामाच्या अनेक जागा आनेगुंदी व सानापूर परिसरात आहेत. मी ज्या ठिकाणी उतरले, तेथे मागच्या अंगणात पाहुण्यांसाठी उघडे स्वयंपाकघर होते: दोन शेगड्या, काही जाड बुडाची पातेली, आणि ज्याने वापरले त्याने घासून ठेवायचे हा एकच नियम. पहिल्या संध्याकाळी मी बेसन आणून पिठले करायला घेतले, तेव्हा कोचीच्या एका परिचारिकेने न विचारता लसूण सोलायला घेतला आणि बंगळूरूहून आलेल्या दोघांनी भाताचा कुकर लावला. त्यानंतर तासभर आमचे जे बोलणे झाले, ते एकमेकांची चौकशी करणारे नव्हते. पिठल्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून काय करावे, केरळात नारळ कोणत्या टप्प्यावर घालतात, उद्या मातंग टेकडीवर सूर्योदयाला जायचे तर नदी ओलांडायला इतक्या पहाटे होडी मिळेल का, अशा गोष्टींवर ते चालले होते. हात कामात असले की माणसाला गप्प राहण्याचेही अवघडलेपण वाटत नाही, आणि अनोळखी लोकांमध्ये अवघडलेपण जाणे हीच सर्वांत कठीण पायरी असते.

याउलट ज्या हॉस्टेलांत स्वयंपाकघराऐवजी केवळ कॅफे आहे, तेथे प्रत्येक जण स्वतंत्र ऑर्डर देतो आणि पदार्थ येईपर्यंत मोबाइल पाहत बसतो. हॉस्टेलचालकांची अडचण मी समजू शकते. खाटेच्या भाड्यावर जागेचा खर्च भागत नाही आणि कॅफे हे उत्पन्नाचे साधन असते. तरीही आरक्षण करण्यापूर्वी फोन करून ‘पाहुण्यांना स्वयंपाक करू देता का, आणि शेगडी-भांडी मिळतात का’ एवढे विचारावे, असे मी आग्रहाने सांगेन. छायाचित्रांतील झुले आणि रंगवलेल्या भिंतींवरून जे कळत नाही, ते या एका उत्तरावरून कळते.

सातारकरांना हे नवे वाटण्याचे खरे तर कारण नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह सुरू केले, आणि जे पुढे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस म्हणून ओळखले गेले, तेथे वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र राहत आणि एका पंक्तीला जेवत. एकत्र जेवणे ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती, आणि त्या मुलांचे पोट भरावे म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी स्वतःचे दागिने मोडले, हे आमच्या पिढीला शाळेत असल्यापासून माहीत आहे. त्या आधी काही वर्षे जर्मनीत रिखार्ड शिरमान या शिक्षकाने पायी सहलीला निघालेल्या मुलांना रात्री स्वस्तात निवारा मिळावा म्हणून चळवळ उभी केली होती, आणि १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिले कायमस्वरूपी युवा वसतिगृह उघडले होते. आजच्या पर्यटन हॉस्टेलांची परंपरा त्या किल्ल्यापर्यंत जाते. दोन्ही उपक्रमांचे हेतू पूर्णपणे वेगळे होते आणि त्यांची तुलना मला करायची नाही. परंतु दोन्ही शिक्षकी मनातून निघाले, आणि दोन्हींत झोपण्याची जागा हा केवळ आरंभ होता, ही गोष्ट मला प्रवासात वारंवार आठवत राहिली.

आता मुक्कामाच्या लांबीविषयी. पहिल्या रात्री सगळे जण नाव, गाव आणि ‘पुढे कुठे जाणार’ एवढेच बोलतात. दुसऱ्या दिवशी दोघे-तिघे मिळून बाहेर पडतात. तिसऱ्या दिवशी कोणीतरी थकते किंवा आजारी पडते, कोणाचे घरच्यांशी फोनवर वाजते, आणि तेव्हाच खरी माणसे दिसू लागतात. वाराणसीत मला ताप आला, त्या दिवशी दशाश्वमेध घाटाची आरती सोडून माझ्यासाठी मुगाची खिचडी शोधत फिरलेली इंदूरची मुलगी आजही माझी मैत्रीण आहे. आम्ही एकच रात्र एका खोलीत काढली असती, तर तिचे नावही माझ्या लक्षात राहिले नसते. कमी खर्चाच्या प्रवासालाही हा मुक्काम मानवतो, कारण सर्वाधिक पैसा खाटेवर जात नाही, तो सारखे गाव बदलण्यात जातो. मला डॉर्मची खाट साधारण ५०० ते ९०० रुपयांत मिळत गेली. जास्त रात्रींसाठी थेट विचारल्यास काही ठिकाणी त्यातही सवलत मिळाली.

वारही महत्त्वाचे आहेत. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार या काळात मोठ्या शहरांतून तयार गट येतात. ते आपसांत आनंदात असतात आणि एकट्या माणसासाठी त्यांच्यात जागा नसते, यात त्यांचा दोष नाही. सोमवार ते गुरुवार राहणारे बहुतेक एकटे असतात. त्यांतले काही दिवसभर लॅपटॉपवर काम करतात, म्हणून तुसडे वाटतात. पण आठवडेच्या आठवडे राहिलेली तीच माणसे गावातील स्वस्त खानावळ, धोब्याचा पत्ता आणि शेअर रिक्षाचा थांबा सांगू शकतात. राहण्या-जेवणाच्या मोबदल्यात हॉस्टेलचे काम करणारे स्वयंसेवकही असतात. त्यांच्याशी पहिल्याच दिवशी ओळख करून घ्यावी, कारण कोणाला कोणाशी भेटवावे हे त्यांना चांगले ठाऊक असते.

हॉस्टेलने आखलेल्या कार्यक्रमांपैकी पायी फेरी मला सर्वांत उपयुक्त वाटली. जोधपूरच्या जुन्या शहरातील निळ्या घरांमधून मेहरानगडाकडे चढताना, काय बोलावे हा प्रश्न कोणालाच पडत नाही. शेकोटीभोवती बसवून प्रत्येकाला ओळख सांगायला लावणे मात्र मला फारसे फळलेले दिसले नाही. समुद्रकिनाऱ्यावरील काही हॉस्टेलांत रात्रीची बैठक मद्यपानाभोवतीच फिरते, आणि न पिणाऱ्याला वारंवार कारण द्यावे लागते. गोकर्णात मी सकाळी लवकर उठून ओम किनाऱ्यापर्यंत चालणाऱ्यांची सोबत शोधली, आणि ती मिळाली.

पैशांबाबत स्पष्ट बोलण्याला मी फार महत्त्व देते. ‘माझे आजचे जेवण २०० रुपयांत बसवायचे आहे’ असे आरंभीच सांगितले, तर महागड्या कॅफेत संकोचून बसण्याची वेळ येत नाही, आणि बहुतेक वेळा समोरचाही सुटकेचा श्वास टाकतो. रिक्षा, होडी किंवा भाजी यांचा वाटा त्याच दिवशी यूपीआयने चुकता करावा. लहान रकमा मनात साचू देऊ नयेत.

भाषेचाही विचार करावा लागतो. दोन मराठी माणसे भेटली की मराठीत बोलणे स्वाभाविक आहे आणि घरापासून दूर असताना ते सुख मोठे असते, पण तिसरा माणूस शेजारी बसलेला असेल, तर त्याला कळेल त्या भाषेत वळावे. फोर्ट कोचीत मराठी बोलणारा आमचा चौघांचा गट इतका घट्ट झाला की इतर कोणी आमच्या टेबलाजवळ येईना. हे एकीने लक्षात आणून दिले आणि आम्ही जागा बदलून बसू लागलो.

खाऊ बरोबर ठेवावा. साताऱ्याचे कंदी पेढे प्रवासात चांगले टिकतात, आणि सांगलीचे भडंग तर आणखी टिकते. मात्र अनोळखी माणसाने दिलेले खाऊ नये, हे सर्वांना लहानपणापासून शिकवलेले असते, म्हणून दुकानाचे बंद पाकीट सर्वांसमोर फोडावे, आधी स्वतः खावे आणि मग पुढे करावे. नकार आला तर पुन्हा आग्रह करू नये.

एकट्या स्त्रियांसाठी काही गोष्टी नेमकेपणाने लिहिते. महिलांसाठी राखीव डॉर्म असेल तर सुरुवात तेथून करावी. मैत्री सामायिक दालनात होते, झोपण्याच्या खोलीत नव्हे, त्यामुळे काही गमवावे लागत नाही. इतर स्त्रियांनी अलीकडे नोंदवलेले अभिप्राय वाचावेत, नव्या गावी शक्यतो दिवसाउजेडी पोचावे, स्वतःचे कुलूप न्यावे आणि पुढच्या मुक्कामाचा पत्ता नव्या ओळखीत सांगू नये. आईला रोज रात्री मी हॉस्टेलचा फोन क्रमांक आणि माझे ठिकाण कळवत असे, आणि ही शिस्त मी कोणत्याही मैत्रीसाठी मोडली नाही. डॉर्ममध्ये पहाटे निघणाऱ्याने सामान रात्रीच भरून ठेवावे, ही साधी रीत पाळली जात नाही याचा मला खेद वाटतो. पहाटे चारला प्लास्टिकच्या पिशव्यांची चुरचुर ऐकून जागी झालेली खोली त्या माणसाशी दिवसभर नीट बोलत नाही.

ही मैत्री टिकते का, असे अनेकांनी मला विचारले. बहुतेक व्हॉट्सॲप गट महिन्याभरात शांत झाले. जी नाती उरली, ती एकमेकांच्या घरी जाण्याने उरली. कोचीची परिचारिका सप्टेंबरात कास पठारावरची फुले पाहायला आली, तेव्हा ती आमच्याच घरी राहिली. आईने तिला ‘बाळा’ म्हणून हाक मारली, तिनेही काकू म्हणायला सुरुवात केली, आणि दोघींनी भाषेशिवाय मिळून अर्धा स्वयंपाक केला. आम्ही संध्याकाळी अजिंक्यताऱ्यावर गेलो आणि दुसऱ्या दिवशी सज्जनगडावर. हॉस्टेलमध्ये जुळलेल्या ओळखीची हीच कसोटी मी मानते: ती व्यक्ती आपल्या घरच्यांसमोर तशीच वागते का, आणि आपणही तिच्यासमोर तसेच असतो का.

एक तक्रार नोंदवणे आवश्यक आहे. परतल्यावर जिल्ह्यातच एका ठिकाणी डॉर्मची खाट मागितली, तेव्हा ओळखपत्रावर साताऱ्याचा पत्ता आहे म्हणून मला नकार मिळाला. स्थानिक ओळखपत्र न स्वीकारण्याचा नियम अनेक हॉस्टेले पाळतात. गैरवर्तनाच्या भीतीतून तो आला असला, तरी गावातील माणूस आणि प्रवासी यांची भेट त्याने आधीच तोडली जाते. काही हॉस्टेलांत वयाचीही वरची मर्यादा असते. चाळिशी ओलांडलेल्यांनी आरक्षणापूर्वीच ती विचारून घ्यावी. ऋषिकेशमध्ये मला सर्वांत शहाणा सल्ला साठीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने दिला होता, म्हणून ही मर्यादा मला अन्यायकारक वाटते.

ज्यांची झोप सावध आहे, ज्यांना एकांताची सवय आहे किंवा जे दोन दिवसांत चार स्थळे उरकणार आहेत, त्यांनी त्याच पैशात साधी लॉजची खोली घ्यावी. इतरांनी आपल्या बाजूने आरंभ करायचा असेल, तर गोकर्ण निवडावे: गोवा एक्सप्रेस सातारा, सांगली आणि मिरज येथून मडगावपर्यंत नेते, आणि तेथून कोकण रेल्वेने गोकर्ण रोड स्थानक गाठता येते. सोमवारी पोचावे, तीन रात्रींचे आरक्षण करावे आणि शेगडीची चौकशी आधी करावी.