डेंग्यूवर पीएचडी: विषाणूच्या लॅबमध्ये की टी-पेशींच्या?

जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळालीय, डेंग्यूवर काम करायचं हेही ठरलंय, पण विषाणूच्या लॅबमध्ये जावं की प्रतिकारशक्तीच्या, इथे गाडं अडलंय, असं सांगणारे विद्यार्थी नेहमी भेटतात. मी विषाणूकडे गेलो. माझा कल त्या बाजूला आहे हे धरूनच पुढचं वाचा.

मोठे प्रश्न प्रतिकारशक्तीकडे आहेत, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. टी-पेशी, म्हणजे संसर्ग झालेल्या पेशी हेरणारी पांढरी पेशी, नुसता विषाणू ओळखत नाही, आपल्याच पेशींवरच्या एमएचसी रेणूच्या जोडीने ओळखते, हे डॉहर्टी आणि झिंकरनागेल यांनी कॅनबेरात उंदरांवर दाखवलं आणि त्यासाठी १९९६ चं नोबेल मिळवलं. जुनाट संसर्गात थकलेल्या टी-पेशी, त्यांना ब्रेक लावणारा पीडी-१ रेणू अडवला की, पुन्हा कामाला लागतात, हे रफी अहमद यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं. ते मूळचे हैदराबादचे. डेंग्यूचं खरं कोडंही प्रतिकारशक्तीतच आहे. दुसऱ्यांदा वेगळ्या सीरोटाइपचा (विषाणूच्या उपप्रकाराचा) संसर्ग झाला की आजार जास्त बिघडू शकतो, आणि आधी डेंग्यू न झालेल्या मुलांमध्ये लसच धोका वाढवू शकते, हे २०१७ मध्ये पुढे आल्यावर फिलिपिन्सला लसीकरण थांबवावं लागलं.

तरी मी तिकडे गेलो नाही, आणि त्याचं कारण म्हणजे गेट, म्हणजे पेशी मोजताना त्यांच्याभोवती आखायची चौकट.

रुग्णाचं रक्त संध्याकाळी येतं, फायकॉल या दाट द्रवावर चढवून प्रतिकारपेशींचं पांढरं कडं अलगद ओढून घ्यायचं, रात्र तिथेच जाते. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. वैताग नंतर सुरू होतो. एकेक पेशी तपासणाऱ्या फ्लो सायटोमीटरमधून ठिपक्यांचा ढग स्क्रीनवर येतो, एक ठिपका म्हणजे एक पेशी. त्यातल्या इंटरफेरॉन-गॅमा हे विषाणूविरोधी प्रथिन बनवणाऱ्या पेशी म्हणजे कोपऱ्यातले मूठभर ठिपके, आणि चौकट कुठे आखायची ते तुम्ही ठरवायचं. मी ज्या लॅबमध्ये शिकत होतो, तिथे एकच फाइल तिघांनी उघडली की तीन वेगळे आकडे निघायचे, आणि तिघांकडेही पटणारं कारण असायचं. चौकट जराशी सरकवली की निष्कर्ष ‘प्रतिसाद आहे’वरून ‘नाही’वर जायचा. नीट एफएमओ कंट्रोल (एकेक रंग वगळून केलेले तुलनेचे नमुने) लावले, चौकट आधीच ठरवून ठेवली, की हे बरंच आटोक्यात येतं, आणि मुरलेली माणसं ते करतातच. मला मात्र रात्री झोप लागायची नाही.

विषाणू मोजायच्या प्लाक अॅसेत मला ती शांतता मिळाली. व्हेरो पेशींच्या (लॅबमध्ये वाढवलेल्या माकडाच्या पेशींच्या) थरावर विषाणू घालायचा, वर सीएमसी या चिकट पदार्थाचा घट्ट थर द्यायचा आणि डेंग्यू असेल तर आठवडाभर प्लेटला हात लावायचा नाही. मग फॉर्मॅलिन, मग क्रिस्टल व्हायोलेट. नळाखाली प्लेट धुतली की जांभळ्यावर स्वच्छ गोल भोकं दिसतात, विषाणूने पेशी मारलेल्या जागा, म्हणजेच प्लाक. ती कुणीही मोजावी, आकडा फारसा हलत नाही.

त्रास इथेही आहे. पेशींचा थर सुटला तर आठवडा गेला. रुग्णाकडून आलेले काही विषाणू धड प्लाक पाडत नाहीत. व्हेरोत वाढवता वाढवता विषाणू बदलतो; कोरोना विषाणूची फ्युरिन क्लीव्हेज साइट (त्याच्या स्पाइक प्रथिनातली कापली जायची जागा) अशीच गळून जाते, त्यामुळे पॅसेज, म्हणजे पुन्हा पुन्हा वाढवण्याच्या फेऱ्या, कमी ठेवून सीक्वेन्स तपासत राहावं लागतं. बीएसएल-३ ची (धोकादायक जंतूंसाठीच्या कडक सुरक्षेच्या लॅबची) शिस्त सगळ्यांना झेपते असंही नाही.

नोकरीच्या बाबतीत, माझ्या पाहण्यात तरी, फ्लो येणाऱ्याला कंपन्यांत लवकर जागा मिळते. पुण्यात दोन्ही वाटा जवळजवळ आहेत: विषाणूंसाठी १९५२ मध्ये सुरू झालेली एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) आणि प्रतिकारशक्तीसाठी विद्यापीठाच्या आवारातली एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र). तेव्हा गाईडना विचारून दोन्हीकडच्या एकेका डेटा मीटिंगला बसा. गेटवरच्या वादात तुम्हाला रस वाटला तर टी-पेशींकडे जरूर जा, तिथे अशा माणसांची गरज आहे. तिथून उठावंसं वाटलं, तर माझं मत तुम्हाला कळलंच आहे. आणि शनिवारी संध्याकाळी आलेलं रक्त कोण प्रोसेस करतं, हे गाईडना नव्हे, तिथल्या सीनियर विद्यार्थ्याला विचारा.