स्क्रॅबल घेतलं आणि भाचीची लांब शब्दांची वही कामाला आली

भाचीला लांबलचक इंग्रजी शब्द पाठ करायचा नाद आहे, वहीच केलीय तिने, म्हणून दिवाळीत तिला स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स बोर्डवर लावून इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ, घेऊन दिलं आणि आता रोज रात्री जेवणं उरकली की आमचा बोर्ड मांडलेलाच असतो. तिचा लाडका शब्द न्युमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस, 45 अक्षरं, ज्वालामुखीची बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन होणारा आजार. 1935 मध्ये एका कोडीवाल्या माणसाने मुद्दाम लांब करून बनवलेला. पण बोर्ड 15 बाय 15 चौकोनांचा, म्हणजे तीन बोर्ड शेजारी शेजारी मांडले तर बरोब्बर बसेल!! फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन (कवडीमोल ठरवणं) 29 चा, तोही गेला. डर्मॅटोग्लिफिक्स मात्र नेमका 15 चा, बोटांच्या आणि तळव्यांच्या रेघांचा अभ्यास, आणि एकही अक्षर परत येत नाही, किती सुंदर शब्द आहे. पण हातात टाइल्स सातच असतात ना, बाकीची आठ आधीच बोर्डवर जागच्या जागी हवीत, ते काही जमत नाही.

मग लांब शब्द लागतो कसा, ते परवा कळलं. मी पहिलाच शब्द "हँड" लावला, मधल्या चौकोनावरून, 16 पॉइंट. भाची पाच मिनिटं गप्प. तिच्याकडे यू, एन, डी, ई, आर, ई, डी. त्याच सात अक्षरांचा एन्ड्युअर्ड होतो, मला वाटलं तोच कुठेतरी बसवेल, तर म्हणाली "मावशी, हे बघ" आणि माझ्या हँडच्या पुढे अंडर, मागे ईडी, अंडरहँडेड! लपूनछपून, कपटाने केलेलं. सुरुवात थेट कडेच्या लाल ट्रिपल वर्डवर (अख्ख्या शब्दाचे पॉइंट तिप्पट करणारा चौकोन), म्हणजे 54, वर सातही टाइल्स संपवल्याचे 50, एका खेळीत 104. मी तिला मिठीच मारली.

एक गोष्ट मला खटकते, नियमात शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. नायजेल रिचर्ड्स 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला, फ्रेंच बोलता येत नसताना, नुसते शब्द पाठ करून. त्याच्या स्मरणशक्तीला सलाम, पण मुलांसाठी घेत असाल तर घरचा नियम करा, अर्थ सांगता आला नाही तर पॉइंट निम्मे. आमच्याकडे ह्याने खेळ हळू झाला पण बोलणं खूप वाढलं.

बाकी सेट मस्त, 100 टाइल्स, त्यात दोन कोऱ्या, ई तब्बल 12, क्यू आणि झेड एकेकच आणि 10 पॉइंटचे. प्रवासाचा छोटा बोर्ड नका घेऊ, मोठाच घ्या. आणि हो, कॉलिन्सच्या यादीत (स्क्रॅबलमध्ये चालणाऱ्या इंग्रजी शब्दांची यादी) पेशवा चालतो, त्या दिवशी आजोबा पण येऊन बसले खेळायला.