न गाजलेल्या सालांच्या रेड वाइन: काही महिन्यांचा अनुभव

दिवाळीपासून आमच्या घरी मुख्यतः 2008 आणि 2014 या सालांच्या, म्हणजे त्या वर्षी तोडलेल्या द्राक्षांच्या, बोर्डो (फ्रान्सच्या त्या भागातल्या वाइन) उघडल्या गेल्या. भाचा ब्रसेल्सला असतो. प्रवाशाला दोन लिटरची सूट असते, त्यात दोन बाटल्या आणि एक अर्धी बाटली बसते. ओळखीतलं आणखी कोणी युरोपहून येणार असेल, तर त्याच्याही गळ्यात हीच यादी. इथे आयात वाइनवर सीमाशुल्क आणि सेस मिळून वर्षानुवर्षं 150 टक्के लागत आलेत, त्यामुळे इंदुरात जुनी बाटली घ्यायचा नाद मी सोडलाय.

2005, 2009, 2010 ही गाजलेली सालं का नाही मागवत? एक तर पैसे. दुसरं म्हणजे वय. पोयाक या बोर्डोतल्या गावची चांगली 2010 अजून जीभ आखडवते. तिला हवी तेवढी वर्षं द्यायची, तर ती माझ्यामागे जावयाने प्यायची!

2008 चा उन्हाळा थंड आणि ओलसर होता, पण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हाने द्राक्षं सावरली. त्यात मंदी आली, आणि 2009 च्या वसंतात ही वाइन बाजारात काढताना शातोंना (तिथल्या वाइन बनवणाऱ्या मळ्यांना) दर उतरवावे लागले. लगेच मागून 2009 आणि 2010 आली, मग हिच्याकडे कोण बघतो? 2014 चंही तसंच: ऑगस्ट गार, सप्टेंबर सोन्यासारखा. उशिरा पिकणाऱ्या कॅबर्ने द्राक्षाला हे मानवतं, म्हणून मी बोर्डोतल्या मेदोकच्या बाजूचीच घेतो, तिथे कॅबर्ने जास्त.

शातो बाताये 2008 सगळ्यांत आवडली. तुरटपणा मऊ झालाय, फळाची चव मागे सरलीय आणि पुढे आलेत तंबाखू, जुनं लाकूड, भिजलेली माती. कांतमेर्ल 2014 अजून टवटवीत आहे, घाई नाही. दुर्लक्षित साल म्हणजे गुणीच, असं मात्र नाही. 2013 ला फुलोऱ्यातच थंडी-पावसाने मार बसला, पुढे कूज लागली. त्या सालची आमची बाटली पातळ आणि आंबट निघाली, उरलेली रश्शात गेली.

इंदूरच्या मे महिन्यात कपाटात ठेवलेली बाटली वाया गेलीच समजा. वाइनचा छोटा फ्रिज घ्या, पण कॉम्प्रेसरवाला. बिनकॉम्प्रेसरचे खोलीच्या तापमानाच्या फार खाली जात नाहीत, चाळिशी पार झाली की हात टेकतात. आमचा 13 अंशांवर असतो. पुस्तकातलं ‘रूम टेंपरेचर’ आपल्या खोलीचं नव्हे. 16-17 अंशांला ओतावी, पेल्यात ती चढतेच. उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी ठेवा म्हणजे गाळ बसतो. जुनं बूच साध्या स्क्रूने तुटतं, दोन पात्यांचा ओपनर बरा. गाळ मागे ठेवून हळू ओतायची आणि लगेच प्यायची. तासन् तास हवेवर ठेवली तर वास उडून जातो.

सोबत सराफ्यातलं (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातलं) काही आणू नका, जिरावण मसाला आणि मिरचीपुढे जुनी वाइन मुकी होते. आमच्याकडे अळणी मटण, नाहीतर मशरूम घातलेली साधी खिचडी आणि वर तूप. बायकोला बोर्डोपेक्षा स्पेनमधल्या रिओहाची ग्रान रिझर्वा आवडते. तिथे ती किमान 5 वर्षं, त्यातली 2 पिंपात, मुरवूनच विकायचा नियम आहे, म्हणजे सांभाळायची कटकट कमी. तिचं म्हणणं मला पटतंय, फक्त तिच्यासमोर मी ते कबूल केलेलं नाही.

भाच्याला पुढच्या वेळी 2017 सांगितलीय. एप्रिलच्या दंवाने त्या सालाचं नाव खराब झालं, पण नदीकाठचे पोयाक आणि शेजारच्या सें-झ्युलियाँ गावचे चांगले मळे बरेचसे वाचले होते.