लोरा, सिम का वायफाय? आधी तिथं लाईट आहे का ते सांगा

"रेंज किती मिळते ओ?" सेन्सर-बिन्सर लावून आकडे लोरानं (चिमूटभर डेटा लांबवर नेणारा छोटा रेडिओ), सिमनं का वायफायनं आणायचे हे डोक्यात आलं की पहिला प्रश्न हाच, आणि माझ्या मते घोळ तिथूनच सुरू होतो.

गेल्या महिन्यात दोघं जण आले. एक मोहोळकडचे काका, डाळिंबाची बाग, त्यांना मातीचा ओलावा बघायला सहा सेन्सर पाहिजेत आणि विहिरीवरची मोटर मोबाईलवरून चालू-बंद करायची. दुसरा आमचा दोस्त, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे चोवीस लूम (यंत्रमाग), कुठला लूम किती वेळ बंद होता ते त्याला घरबसल्या बघायचंय कारण रजिस्टरात लिहिलेलं आणि निघालेला माल कधी जुळत नाही. दोघंही ठरवूनच आलेले, सगळ्याला सिम टाकू, विषय संपला.

मी दोघांना एकच विचारलं, सर्किटचा डबा जिथं बसणार तिथं लाईट कशी आहे? कायम आहे, येऊन-जाऊन आहे, का अजिबात नाही? कारण रेंज अँटेना वर चढवून थोडीफार वाढवता येते, पण बॅटरी दर आठवड्याला शेतात जाऊन कोण बदलणार.

आता मोटरचं बघा. विहिरीवर थ्री फेज ठरलेल्या तासांनाच येते, आणि गंमत म्हणजे मोटरला निरोप पण तेव्हाच द्यायचा असतो, लाईटच नसेल तर चालू काय करणार? म्हणजे इथं सिमवाला डबा करंट किती खातो ह्याला काही अर्थ नाही, स्टार्टरच्या पेटीतूनच सप्लाय मिळतो, वर एक छोटी बॅटरी ठेवली की "लाईट गेली" एवढा शेवटचा मेसेज टाकून तो झोपला तरी चालतं. सो मोटरला सिम, ह्यात मला शंका नाही. शंका आहे ती टूजी का फोरजी ह्याची. बाजारात अजून स्वस्तातले टूजी मॉड्यूलचे मोबाईल स्टार्टर मिळतात आणि लोक त्यात जिओचं सिम टाकून दिवसभर वाट बघत बसतात, अहो जिओकडे टूजी नाहीच, २०१६ ला आले ते फोरजी घेऊनच. दुसरं म्हणजे टूजी मॉड्यूल पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं, ते झटके पाऊण मिलीसेकंदापेक्षाही छोटे असतात म्हणून साध्या मीटरवर दिसतच नाहीत, आणि सप्लाय कच्चा असला की डबा आपोआप रिस्टार्ट होत राहतो. मी स्वतः एका विहिरीवर तीन चकरा मारल्या, रेंज फुल, सिम चालू, तरी बंद, शेवटी मॉड्यूलच्या पायापाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला आणि मग गप्प झालं.

त्यामुळे नवीन घेताय तर फोरजी कॅट-वन (फोरजीतलाच कमी स्पीडचा प्रकार) घ्या. स्पीड १० एमबीपीएस, मोटरला त्यातलं काहीच लागत नाही, पण नेटवर्क पुढची बरीच वर्षं राहणार हे महत्त्वाचं. फक्त मिस कॉलवर मोटर चालवायची असेल तर मॉड्यूलमध्ये व्होल्टी (फोरजीवरून कॉल) आहे का ते विचारून घ्या, काही नुसते डेटाचेच असतात. आणि सिमच्या नेटवर बाहेरून थेट डब्यात शिरता येत नाही, ढीगभर गिऱ्हाइकं एकाच आयपीच्या (नेटवरच्या पत्त्याच्या) मागं असतात, म्हणून डब्यानंच सर्व्हरला कनेक्शन धरून ठेवायचं, एमक्यूटीटी ही मेसेज पाठवायची पद्धत ह्याच कामाची. ड्राय रन (पाणी नसताना मोटर फिरणं) झाल्यावर आणि फेज गेल्यावर मोटर तोडणं हे मात्र स्टार्टरमध्येच पाहिजे, ते नेटच्या भरवशावर सोडलं तर एक दिवस मोटर जळणार.

बागेतल्या सेन्सरची गोष्ट एकदम उलटी आहे. तिथं लाईट नाही, डेटा चिमूटभर, आणि पंधरा मिनिटांनी एकदा आकडा आला तरी खूप झालं. सहा सेन्सरला सहा सिम म्हणजे २८ दिवसांच्या पॅकनं वर्षाला तेरा रिचार्ज गुणिले सहा, अठ्ठ्याहत्तर! काका म्हणाले, "माझ्या फोनचाच रिचार्ज पोरगं मारतंय." डिव्हाईससाठी तेरा आकडी नंबरची वेगळी एमटूएम सिम असतात, ती लांब मुदतीची मिळू शकतात, पण ती कंपनीच्या नावावर, घाऊक घ्यायला बरी, एकट्या शेतकऱ्याला तो खटाटोप नको.

इथं लोरा. रिचार्ज नाही, लायसन नाही, आपल्याकडं ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी मोकळा आहे (ऑनलाईन स्वस्त दिसतात म्हणून ४३३ किंवा ९१५ वाले उचलू नका, पाटीवर ८६५ किंवा ८६८ बघून घ्या). मोकळ्या रानात दोन-चार किलोमीटर आरामात जातं. बॅटरीचा हिशोब करून दाखवतो. पाठवताना १०० मिलीअँपिअर धरा. दहा बाईटचा आकडा सगळ्यात संथ सेटिंगवर, म्हणजे एसएफ १२ ला, पाठवायला साधारण दीड सेकंद लागतो, तोच जलद सेटिंगवर, एसएफ ७ ला, ६० मिलीसेकंदात जातो. पंधरा मिनिटांनी एकदा म्हटलं तर एसएफ १२ ला सरासरी पडते ०.१७ मिलीअँपिअर, २६०० एमएएचचा एक सेल कागदावर पावणेदोन वर्षं चालला. एसएफ ७ ला तर पाठवण्याचा खर्च मोजायलाच नको. संथ सेटिंग लांब पोचतं, पण रेंज पुरत असेल तर उगाच एसएफ १२ लावून ठेवू नका.

कागदावर म्हटलं ते मुद्दाम. मी लावलेला पहिला नोड (सेन्सर, लोरा आणि सेलचा डबा) तीन आठवड्यात मेला. सेल बदलला, परत तीन आठवडे. बोर्डावर एक लाल एलईडी होता, चालू आहे दाखवणारा, तो आणि रेग्युलेटर मिळून ५ मिलीअँपिअर खात होते, २६०० भागिले ५ म्हणजे ५२० तास, तीन आठवडे बरोब्बर! नखाएवढा दिवा, आणि मी महिनाभर रेडिओला शिव्या घालत होतो. सोल्डरिंग आयर्ननं तो उपटला.

लोराच्या दोन भानगडी आधीच माहीत असू द्या. एक, उसात लावणार असाल तर लागणीच्या वेळची रेंज बघून खूश होऊ नका, ऊस डोक्याच्या वर गेला की हिरवा पाला सिग्नल पितो, अँटेना पाल्याच्या वर काढायचा पाईप पहिल्या दिवशीच रोवा. डाळिंबात हा त्रास कमी. दुसरं, बॅटरीवरचा नोड पाठवल्यानंतर क्षणभरच ऐकतो, मग झोपतो, त्यामुळे "आत्ता व्हॉल्व्ह उघड" असलं काम त्याला सांगू नका. आणि कॅमेरा तर विसराच.

गेटवे, म्हणजे सगळ्या सेन्सरचे आकडे घेऊन नेटवर टाकणारा डबा, घराच्या गच्चीवर, इन्व्हर्टरवर, नेट घरचंच. पाच-सहा सेन्सरसाठी आठ चॅनेलचा लोरावॅन (लोरावर बरेच नोड सांभाळायची ठरलेली पद्धत) गेटवे पण लागत नाही, ईएसपी३२ ह्या वायफायवाल्या छोट्या बोर्डावर एक लोरा रिसीव्हर बसवला तरी भागतं. बाग वाढवायची असेल, शेजारचे चार जण सामील होणार असतील, तर मात्र पहिल्यापासून लोरावॅन.

एनबी-आयओटी, म्हणजे मोबाईल कंपन्यांचं खास डिव्हाईससाठीचं नेटवर्क? कागदावर सगळ्यात देखणं तेच, टूजीपेक्षा २० डीबी (सिग्नलचं माप) खोल पोचतं, बॅटरी वर्षानुवर्षं. पण ते टॉवरवर कंपनीनं चालू केलेलं असावं लागतं, आणि कोपऱ्यावरच्या मोबाईल दुकानात त्याचं सिम मिळत नाही. शंभरेक डबे लावायचे असतील तर कंपनीशी बोला, सहासाठी नको.

आता लूमवाला दोस्त. शेडमध्ये लाईट आहे, वरती पत्रा, सगळीकडं लोखंड. त्याला म्हटलं सिम कशाला, वायफाय तरी बघ. वायफायला अडचण अशी की साधा ईएसपी३२ फक्त २.४ गिगाहर्ट्झच ओळखतो, राऊटर ५ वर असेल तर दिसणारच नाही, आणि घरगुती राऊटरवर चोवीस डबे, वर कामगारांचे मोबाईल म्हणजे तो रोज दुपारी हँग. झिगबी (जवळच्या छोट्या डिव्हाईसचं वायरलेस) घरातल्या दिव्यांना छान, इथं चालेल पण बिघडलं की कुणाला बोलावणार. ब्लूटूथ शेजारी उभं राहून बघण्यापुरतं.

"मग काय लावू बे?"

"अण्णा, वायर ओढ." आरएस-४८५, ही तारेवरून डेटा न्यायची पद्धत, दोन तारा, एका लाईनवर ३२ डिव्हाईस, कमी स्पीडला १२०० मीटरपर्यंत. चोवीस लूम एका लाईनीत बसतात, टोकाला एकच डबा, तोच वायफायवर. त्याचं तोंड पडलं, वायरलेस म्हणून आलेला बिचारा. पण शेड हलणार नाही, लूम हलणार नाहीत, मग हवेतून पाठवायचा हट्ट कशाला? फक्त तारा पिळाच्या घ्या आणि मोटरच्या केबलपासून लांब ओढा.

काकांचं ठरलं, मोटरला फोरजी, बागेला लोरा. डबे झाडाच्या सावलीत लावतोय, कारण मे महिन्यात आपल्याकडं ४३-४४ डिग्री बाहेरच असतं, उन्हातल्या बंद डब्यात तर विचारू नका, आणि लिथियम सेल ४५ च्या वर चार्ज करायचा नसतो, म्हणून सोलर प्लेट पण काढून टाकली. गच्चीवरचा अँटेनाचा पाईप अजून नुसता उभा आहे, अर्थिंग राहिलंय, वळवाच्या आधी ते करायचंय.