ब्लिस्टर लाइनवरचा ५ मेगापिक्सेल कलर कॅमेरा: ब्लॅक लेव्हल आधी, गेन सगळ्यात शेवटी

सोनीचा आयएमएक्स२६४ सेन्सर, २४४८ × २०४८ पिक्सेल, ग्लोबल शटर (सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपणारं), गिगाबिट इथरनेट. काम: औषधाच्या ब्लिस्टर स्ट्रिपमध्ये पांढऱ्या गोळ्यांत शिरलेली फिकट पिवळी गोळी पकडणं, वर पांढऱ्या एलईडीचा डोम लाइट. काही महिने सलग वापरल्यावर कॅमेऱ्याबद्दल तक्रार नाही. तो ज्या सेटिंगवर येतो, त्यावर मात्र लाइन चालवू नये.

एक्सपोजर, गेन (सिग्नल किती पट वाढवायचा), व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून लाल, हिरव्या, निळ्या चॅनलला लावायचे गुणक) तिन्ही ऑटोवर येतात. सगळ्यात आधी ते बंद करा. व्हाइट बॅलन्स ‘कंटिन्युअस’ असताना पिवळ्या गोळ्यांची बॅच आली की कॅमेरा समजतो उजेडच पिवळा आहे, आणि निळा चॅनल वाढवतो. म्हणजे जो फरक शोधायचा, तोच पुसला जातो. गामा १.० ठेवा, म्हणजे आकडा उजेडाच्या सरळ प्रमाणात राहतो; नाहीतर व्हाइट बॅलन्ससाठी हाताने काढलेले रेशो (हिरवा भागिले लाल किंवा निळा) चुकतात.

मग ब्लॅक लेव्हल, म्हणजे पूर्ण अंधारातही पिक्सेलच्या आकड्यात मिळवलेला ऑफसेट. कॅमेरा अर्धा-पाऊण तास चालू ठेवून तापू द्या. सेन्सर गरम झाला की डार्क करंट (उजेड नसतानाही साठणारा सिग्नल) वाढतो, थंड कॅमेऱ्यावर लावलेला आकडा दुपारी टिकत नाही. लेन्सला झाकण लावा, प्रत्यक्षात जे एक्सपोजर वापरणार तेच ठेवा आणि हिस्टोग्राम पाहा. काळ्याचा डोंगर डावीकडे कापलेला नको, पूर्ण दिसला पाहिजे. ८ बिटमध्ये सरासरी ३ ते ६ पुरते. ‘काळं म्हणजे शून्य’ म्हणून ब्लॅक लेव्हल शून्यावर आणली, तर नॉइजचा खालचा अर्धा भाग कापला जातो आणि गडद भागाची सरासरी खोटी येते.

या ऑफसेटचा व्हाइट बॅलन्सशी थेट संबंध आहे, आणि बहुतेकांचं इथेच बिनसतं. समजा ग्रे कार्डवर लाल ९८, हिरवा १५०, निळा ८४ आला आणि ब्लॅक लेव्हल ६ आहे. सरळ भागाकार केला तर लालचा रेशो १.५३, निळ्याचा १.७९. आधी ६ वजा केले तर १.५७ आणि १.८५, आणि हेच बरोबर. कॅमेरा ऑफसेट न काढताच गुणत असेल तर काळ्यातले ६ लालमध्ये ९ आणि निळ्यात ११ होतात. सावल्यांना जांभळट झाक येते. अशा वेळी कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स १.० वर ठेवून रॉ बायर इमेज (सेन्सरचे प्रक्रिया न केलेले आकडे) घ्यावी, वजाबाकी-गुणाकार पीसीवर करावा.

कार्ड करडंच हवं. कॉपियरच्या कागदात ऑप्टिकल ब्राइटनर असतो, अतिनील किंवा जांभळा उजेड मिळाला की तो निळा चमकतो. कार्डवर हिरवा १५० ते २०० मध्ये ठेवा. एकही चॅनल २५५ ला टेकला तर रेशो निरर्थक. व्हाइट बॅलन्सचं ‘वन्स’ (एकदाच मोजून थांबणारं ऑटो) दाबल्यावर तिन्ही चॅनलच्या रेशोचे आकडे वाचायची सवय लावा. हिरवा १.० च्या खाली गेला असेल, तर फॉइलवरची चमक पांढरी न राहता गुलाबी दिसते. सगळ्यात लहान रेशो १.० हवा.

गेन ० डीबी. उजेड कमी पडला तर लाइट वाढवा, ॲपर्चर उघडा, मग गेनकडे वळा. दर ६ डीबीला सिग्नल दुप्पट होतो, पण फोटॉन तेवढेच राहतात. या सेन्सरचा पिक्सेल साधारण १० हजार इलेक्ट्रॉन धरतो. १२ डीबीवर त्यातले अडीच हजारच वापरात येतात, म्हणजे भरलेल्या पिक्सेलचं सिग्नल-टू-नॉइज १०० वरून ५० वर. फिकट पिवळा ओळखताना हे अर्धं होणं महागात पडतं. गेन बदलावाच लागला तर झाकण लावून ब्लॅक लेव्हल पुन्हा तपासा.

रंग अधूनमधून हलत असेल तर सेटिंग सोडून आधी छतावरची ट्यूब पाहा. आपली वीज ५० हर्ट्झ, त्यामुळे जुन्या चोकवरच्या ट्यूबचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. २ मिलिसेकंदाच्या एक्सपोजरमध्ये प्रत्येक फ्रेम वेगळी येते. १० मिलिसेकंदाच्या पटीत एक्सपोजर ठेवलं तर ते थांबतं, पण चालत्या स्ट्रिपवर चित्र फरफटतं. काळं आवरण आणि स्ट्रोब (एक्सपोजरपुरताच लखलखणारा लाइट) हाच इलाज.

सगळं जमल्यावर यूजर सेटमध्ये (कॅमेऱ्यातच आपली सेटिंग साठवायची जागा) सेव्ह करा आणि कॅमेरा चालू होताना तोच उघडेल असा डिफॉल्ट नेमा. नुसतं सेव्ह करून भागत नाही: वीज गेली की कॅमेरा फॅक्टरी सेटवर उठतो आणि ऑटो पुन्हा चालू. ॲपर्चरचा स्क्रू आवळा. लाइट बदलला तर व्हाइट बॅलन्स नव्याने करा, एलईडीची बॅच बदलली तरी.

वेगळ्या रंगाची गोळी पकडायला हा कॅमेरा पुरेसा आहे. छटेचा डेल्टा ई (दोन रंगांतला फरक आकड्यात) मोजून रिपोर्ट द्यायचा असेल, तर स्पेक्ट्रोफोटोमीटर घ्या.