स्ट्रासबर्गला बसवलं, हार्वीला खेळवलं: तुम्ही कोणत्या बाजूचे?

ज्या घरात बेसबॉल बघितला जातो, तिथे ऑगस्ट सरत आला की एक वाद हटकून उकरला जातो. कोपराच्या मोठ्या शस्त्रक्रियेतून उठलेला तरुण पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज, भन्नाट फेकतोय, संघ अव्वल आहे. आता त्याचा हात जपायला त्याला बसवायचं, की ऑक्टोबरच्या प्लेऑफपर्यंत रेटायचं? नव्यानेच न्यू जर्सीत किंवा व्हर्जिनियात राहायला गेलेल्या मराठी माणसाला सुरुवातीला यातलं फार कळणार नाही, पण भांडणाचा सूर नक्की ओळखीचा वाटेल. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात बुमरा पाचपैकी तीनच कसोटी खेळणार हे ठरलं, तेव्हा आपल्याकडे हेच चाललं होतं. भारताने त्या मालिकेतल्या ज्या दोन कसोटी जिंकल्या, त्या दोन्हींत तो नव्हता. तरीही वाद मिटला नाही, ही गंमत.

बेसबॉलमध्ये बाजू निवडायची असेल तर दोन प्रकरणं शेजारी शेजारी मांडून बघावीत: वॉशिंग्टन नॅशनल्सचा स्टीफन स्ट्रासबर्ग (२०१२) आणि न्यूयॉर्क मेट्सचा मॅट हार्वी (२०१५). दोघे उजव्या हाताचे, दोघांच्या कोपरावर ‘टॉमी जॉन’ शस्त्रक्रिया झालेली, म्हणजे तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी शरीरातलाच दुसरा स्नायुबंध बसवलेला. दोघांचा एजंट एकच, स्कॉट बोरास. दोन्ही संघ नॅशनल लीगच्या पूर्व विभागातले आणि त्या त्या वर्षी विभागात पहिले. इतकं सारखं असून निर्णय मात्र उलटे. (एक इनिंग म्हणजे पिचरने प्रतिस्पर्ध्याचे तीन फलंदाज बाद करणं; ⅓ म्हणजे त्यातला एक.)

| | स्ट्रासबर्ग, २०१२ | हार्वी, २०१५ |
|---|---|---|
| शस्त्रक्रिया | सप्टेंबर २०१० | ऑक्टोबर २०१३ |
| नियमित हंगामातल्या इनिंग | १५९⅓ | १८९⅓ |
| प्लेऑफमधल्या इनिंग | ० | २६⅔ |
| पिचरच्या नावावरचे विजय–पराभव | १५–६ | १३–८ |
| नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा | ३.१६ | २.७१ |
| संघाचं काय झालं | प्लेऑफच्या पहिल्याच मालिकेत बाहेर | वर्ल्ड सिरीजमध्ये (अंतिम मालिकेत) १–४ ने हार |

वॉशिंग्टन: आधी ठरवलं, मग पाळलं

नॅशनल्सचे तेव्हाचे जनरल मॅनेजर, म्हणजे संघ बांधणारे अधिकारी, माइक रिझो यांनी हंगाम सुरू होण्याआधीच सांगून टाकलं होतं की स्ट्रासबर्गच्या इनिंगना मर्यादा असेल. हे त्याच्यापुरतं काढलेलं खूळ नव्हतं. आदल्या वर्षी त्यांनी जॉर्डन झिमरमनला, तोही टॉमी जॉनवालाच, १६१⅓ इनिंगनंतर असाच थांबवला होता. तेव्हा कोणी ओरडलं नाही, कारण २०११ चे नॅशनल्स शर्यतीतच नव्हते. २०१२ मध्ये त्यांनी ९८ सामने जिंकले आणि वॉशिंग्टन शहराला १९३३ नंतर पहिल्यांदा प्लेऑफ दिसलं. मग तोच नियम लोकांना खुपायला लागला.

७ सप्टेंबरला स्ट्रासबर्ग तीन इनिंगमध्ये पाच धावा देऊन बसला. मॅनेजर (मैदानावरचे मुख्य प्रशिक्षक) डेव्ही जॉन्सन यांनी त्याला आणखी एकदा खेळवायचं योजलं होतं. या सगळ्या चर्चेचा त्याच्या डोक्यावर ताण येतोय, असं म्हणत त्यांनी तेही रद्द केलं.

संतापलेल्या चाहत्यांचं म्हणणं सोपं होतं: हातचं सोडून पळत्याच्या पाठी का लागायचं? पुढची दहा वर्षं याच संघाची, असं कोणी लिहून दिलंय? त्यांच्यातला शहाणा गट मात्र निराळा मुद्दा मांडत होता, आणि माझ्या मते या अख्ख्या वादातला सगळ्यात वजनदार मुद्दा तोच. मर्यादा ठेवा, पण कॅलेंडर बदला. स्ट्रासबर्गला एप्रिलमध्ये बसवा, मे महिन्यात सुरू करा. मधल्या काही पाळ्या गाळा. त्याच १६० इनिंग ऑक्टोबरपर्यंत पुरवा. यावर संघाचं उत्तर असं की हात एका लयीत चालला पाहिजे, थांबवून पुन्हा तापवण्यात जास्त धोका. हे उत्तर मला कधीच पुरतं पटलं नाही. निदान उशिरा सुरुवात करण्यात थांबवण्याचा प्रश्नच येत नव्हता.

आता ‘स्ट्रासबर्ग असता तर जिंकले असते’ हे वाक्य तपासून बघा, कारण ते फार सहज फेकलं जातं. सेंट लुइस कार्डिनल्सविरुद्धच्या त्या मालिकेत नॅशनल्स तीन सामने हरले. दुसरा १२–४, तिसरा ८–०. तिसऱ्यात नॅशनल्सची स्वतःची धाव शून्य. तिथे साक्षात सँडी कोफॅक्ससारखा दंतकथा झालेला पिचर उभा केला असता तरी जिंकता आलं नसतं. स्ट्रासबर्गमुळे ज्याला जागा मिळाली तो रॉस डेटवायलर चौथ्या सामन्यात सहा इनिंग उत्तम खेळला आणि तो सामना नॅशनल्सनी जिंकला. पाचव्यात ते ६–० ने पुढे होते. नवव्या इनिंगमध्ये ७–५, दोन बाद, आणि मालिका जिंकायला एकच स्ट्राइक हवा असताना (तीन स्ट्राइकला फलंदाज बाद) क्लोजर, म्हणजे शेवट सांभाळणारा पिचर, ड्रू स्टोरेनने चार धावा दिल्या. ९–७. म्हणजे घात झाला तो बुलपेनमध्ये, नंतर येणाऱ्या बदली पिचरांकडून. स्ट्रासबर्ग असता तर दुसरा किंवा पाचवा सामना फिरला असता, हे शक्य आहे. पण त्यालाच बसवल्यामुळे हरले असं छातीठोकपणे सांगणाऱ्याने धावफलक पाहिलेला नसतो.

न्यूयॉर्क: चालत चालत ठरवलं

मेट्सनीही सुरुवातीला काळजी घेतली नाही असं नाही. हार्वी २०१४ चं अख्खं वर्ष बाहेर होता. २०१५ मध्ये मेट्सनी मधूनमधून पाच ऐवजी सहा पिचर आळीपाळीने खेळवले, त्याच्या पाळ्या लांबवल्या. नेमका आकडा मात्र जाहीर केला नाही. तो सप्टेंबरच्या सुरुवातीला बाहेर आला, आणि तोही संघाकडून नव्हे, बोरास यांच्याकडून: डॉक्टरांच्या मते १८० इनिंग. न्यूयॉर्कमध्ये भडका उडाला. ‘एजंटला पुढच्या कराराची पडलीये’ इथपासून ते ‘हार्वीला विकून टाका’ इथपर्यंत लोक गेले. अखेर हार्वीने स्वतःच जाहीर केलं की तो प्लेऑफ खेळणार.

२० सप्टेंबरला घरच्या सिटी फील्ड मैदानावर यँकीजविरुद्ध तडजोड करून पाहिली. हार्वीने पाच इनिंगमध्ये एकही धाव दिली नव्हती. ठरल्याप्रमाणे ७७ चेंडूंनंतर त्याला काढला. बुलपेन कोसळलं, सामना ११–२ असा गेला, प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. कॅलेंडर बदला म्हणणाऱ्यांनी (त्यांत मीही आलो) हा दिवस लक्षात ठेवायला हवा. इनिंग वाटून द्यायच्या म्हणजे हंगामात असे काही सामने आपल्या हाताने ढिले सोडायचे.

मग १ नोव्हेंबर, वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना. मेट्स १–३ ने मागे, म्हणजे हरले की खेळ खलास. कॅन्सस सिटी रॉयल्सविरुद्ध हार्वीने आठ इनिंगमध्ये एकही धाव दिली नाही, नऊ फलंदाजांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं. मेट्स २–० ने पुढे. शंभराहून अधिक चेंडू झालेले. पिचिंग कोच डॅन वॉर्थन त्याला ‘आता बस’ सांगायला गेले, तर हा पठ्ठ्या तडक मॅनेजर टेरी कॉलिन्स यांच्यापुढे जाऊन उभा राहिला: मी जाणार. टीव्हीवर सगळ्यांनी ते पाहिलं. स्टेडियम त्याच्या नावाने घुमत होतं. कॉलिन्स विरघळले.

नवव्या इनिंगमध्ये रॉयल्सच्या लॉरेंझो केनला चार ‘बॉल’, म्हणजे चौकटीबाहेरचे चेंडू, पडले; वॉक, म्हणजे पहिला बेस फुकट. केनने फटक्याची वाट न बघता पळून दुसरा बेस चोरला. एरिक हॉस्मरचा डबल (दोन बेसचा फटका), २–१. आता कुठे कॉलिन्सनी क्लोजर जेउरिस फॅमिलियाला बोलावलं. त्याने फलंदाजांना जमिनीलगतचे फटके मारायला लावले, म्हणजे त्याचं काम केलं. पण मेट्सचा डेव्हिड राइट पहिल्या बेसकडे चेंडू टाकत असतानाच हॉस्मर तिसऱ्या बेसवरून धाव पुरी करायला होमकडे सुटला आणि पहिल्या बेसवरच्या लुकस डूडाची फेक भरकटली. २–२. बाराव्या इनिंगमध्ये पाच धावा करून रॉयल्सनी सामना ७–२ असा आणि त्यासोबत विजेतेपदही नेलं.

यावर मेट्सचे चाहते आजही तीन गटांत विभागलेले सापडतील. पहिला म्हणतो, हार्वीला पाठवायलाच नको होतं. केन त्याला त्या रात्री चौथ्यांदा सामोरा येत होता, आणि पिचर जितक्यांदा समोर येतो तितका फलंदाजांना तो वाचता येतो. दुसरा म्हणतो, पाठवणं बरोबरच. फॅमिलियाच्या हातून याच मालिकेतले पहिला आणि चौथा हे दोन सामने निसटले होते, मग तुम्ही कोणावर भरवसा ठेवला असता? तिसऱ्याचं म्हणणं असं की पाठवायचं तर पाठवा, पण केनला वॉक दिल्या क्षणी परत बोलवा. मी या तिसऱ्या गटातला. एकदा माणूस बेसवर आला की बरोबरीची धाव फलंदाजीला उभी राहते. भावनेला दिलेली सूट तिथे संपायला हवी होती. कॉलिन्सनीही नंतर लपवाछपवी केली नाही, मनाचं ऐकलं हे कबूल केलं.

हातांचं पुढे काय झालं

इथे दोन्ही बाजूंची पंचाईत होते. हार्वी २०१६ मध्ये घसरला आणि जुलैत त्याच्यावर ‘थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम’ची शस्त्रक्रिया झाली; मानेच्या आणि खांद्याच्या मधल्या जागेत शिरा-नसा दबतात तो विकार. नंतर त्याला पूर्वीचं तेज कधी आलं नाही. ‘बघा, पिळून काढला’ म्हणणाऱ्यांना आयतं उदाहरण मिळालं.

पण जपून ठेवलेल्या स्ट्रासबर्गलाही पुढे तेच झालं. २०२१ मध्ये त्याच्यावर त्याच विकाराची शस्त्रक्रिया झाली. फरक मधल्या वर्षांत आहे. २०१४ मध्ये त्याने २१५ इनिंग टाकल्या. २०१९ मध्ये नियमित हंगामात २०९, त्यावर प्लेऑफमध्ये पाच विजय, एकही पराभव नाही. ह्यूस्टनमधल्या सहाव्या सामन्यात ८⅓ इनिंग खेळून त्याने वर्ल्ड सिरीज जिवंत ठेवली. दुसऱ्या दिवशी नॅशनल्स विजेते ठरले आणि तो मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू. त्या हिवाळ्यात त्याला सात वर्षांचा २४.५ कोटी डॉलरचा करार मिळाला, आणि त्यानंतर तो जेमतेम आठ सामने खेळू शकला. २०२४ मध्ये निवृत्त.

तेव्हा २०१९ चं विजेतेपद २०१२ च्या विश्रांतीची कमाई आहे का? सात वर्षांचं अंतर आहे, मध्ये दुखापतीही झाल्या. कोणताही प्रामाणिक डॉक्टर हा धागा जोडून देणार नाही. आणि हार्वीचा विकार २०१५ च्या, प्लेऑफ धरून झालेल्या, २१६ इनिंगमुळेच झाला, हेही सिद्ध करता येत नाही. निकालावरून निर्णयाला मार्क देणं दोन्हीकडे फसतं.

मग निवडायचं कशावरून?

मी एकच गोष्ट बघतो: निर्णय कोणाच्या कॅलेंडरवर घेतला गेला. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या या सर्वोच्च स्पर्धेत, खेळाडूला सहा वर्षांच्या सेवेनंतर कुठेही जायची मोकळीक मिळते. तोपर्यंत तो संघाच्या ताब्यात. चाहत्याला हा ऑक्टोबर दिसतो, संघाला ती सहा वर्षं, आणि खेळाडूला सातवं, कारण खरा पैसा तेव्हा. म्हणून २०१५ मध्ये बोरास यांच्यावर उखडलेल्या लोकांशी मी सहमत नाही. हात हार्वीचा होता, आणि स्ट्रासबर्गला मिळाला तसा करार त्याला कधीच मिळाला नाही.

हंगामाच्या सुरुवातीला आकडा ठरवून सगळ्यांना सांगणं, यात मी वॉशिंग्टनच्या बाजूचा. त्यामुळे खेळाडू ‘मी जाणार’ म्हणण्याच्या जाचातून सुटतो. नवव्या इनिंगमध्ये कोणता पिचर नाही म्हणेल? इनिंग ऑक्टोबरपर्यंत पुरवण्यात मी न्यूयॉर्कच्या बाजूचा, २० सप्टेंबरसारख्या संध्याकाळी सोसूनसुद्धा. तुमचा संघ तीस-चाळीस वर्षांत एकदा प्लेऑफला पोचणारा असेल तर तुम्ही हार्वीकडे झुकाल, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. दरवर्षी पोचणाऱ्या संघाच्या चाहत्याला मात्र ती घाई शोभत नाही.

आणि तुमची मुलगी किंवा मुलगा तिथल्या लिटल लीगमध्ये पिचिंग करत असेल, तर या दोन बाजू विसरा. तिथे मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून काढलेले ‘पिच स्मार्ट’चे आकडे धरावेत: ९–१० वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त ७५ चेंडू, ११–१२ ला ८५, आणि चौदापर्यंतच्या मुलाने ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. मूल शाळेच्या आणि क्लबच्या अशा दोन संघांतून खेळत असेल तर दोन्हीकडचे चेंडू एकत्र मोजायचे. ते आईवडिलांनाच करावं लागतं, कारण एका कोचला दुसऱ्याकडचा आकडा माहीत नसतो.